समितीचं जेवण

सरकारी विद्यापीठात कुणाला प्रवेश मिळतो आणि कुणाला मिळत नाही, याचं कारण त्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या वायरमनच्या मुलीला, जिची गुणपत्रिका बघताना लोक आपोआप चष्मा पुसून घ्यायचे, नकार आला. आणि समोरच्या शिंप्याच्या मुलाला, जो परीक्षेला पेन विसरून गेला होता, प्रवेश मिळाला. विद्यापीठ कारण देत नाही. फक्त एक ओळ येते. एक तर ‘आपली निवड झाली आहे’, नाहीतर ‘कळवण्यास खेद वाटतो’. त्यामुळे कारणं पुरवण्याचं काम शेजाऱ्यांवर येऊन पडतं, आणि शेजारी ते बिनपगारी आणि अगदी मन लावून करतात.

या सगळ्यात सर्वांत जास्त शोभा झाली ती काटेकाकांची. काटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. पितळी वजनांची जड पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरायचं, काट्यावर आपलं वजन ठेवायचं आणि काटा खोटा निघाला की जागच्या जागी सील ठोकायचं, हा त्यांचा धंदा. हे काम इतकी वर्षं केलेल्या माणसाला जगात न मोजता येणारी एखादी गोष्ट आहे, हे सहन होत नाही. आणि नेमकं त्यांच्या एकुलत्या एका लेकीला त्या न मोजता येणाऱ्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला जायचं होतं.

लेकीला दगडांचं वेड. खिडकीच्या कठड्यावर, पुस्तकांच्या कपाटात, न्हाणीघरात साबणाच्या शेजारी, जिकडेतिकडे दगड. तिची आई म्हणायची, “लोकांच्या मुली घरात फुलं आणतात. आमच्याकडे हे दगड.”

“आई, ते नुसते दगड नाहीत.”

“मग काय आहेत?”

“आहेत दगडच, पण तू म्हणतेस तसे नाहीत.”

लेखी परीक्षा ती उत्तम पास झाली. राहिली फक्त मुलाखत. मुलाखतीचं बोलावणं आलं त्या दिवशी तिनं वडिलांजवळ येऊन विचारलं, “बाबा, एक मागू?”

“माग की.”

“तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी? मी कधी मध्ये पडतो?”

स्वयंपाकघरातून बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला तिला झालेला नव्हता. लेक शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत पहिली आली होती, आणि काटेकाकांनी केवळ कर्तव्यबुद्धीनं पंचांचं घड्याळ तपासायला मागितलं होतं. घड्याळ बिघडलेलं निघालं. शर्यत पुन्हा घ्यावी लागली, आणि दुसऱ्या खेपेला लेक तिसरी आली. तो विषय घरात कुणी काढत नसे. नुसतं खोकत असे.

काटेकाकांनी शब्द दिला. त्यांच्या शब्दाला घरात मान होता. लेक लहानपणी वर्गात सांगायची म्हणे, की आमचे बाबा कधीच खोटं बोलत नाहीत, त्यांना त्याचाच पगार मिळतो. हे ऐकल्यापासून काटेकाका तिच्यासमोर जरा ताठच बसत.

पण शब्द दिला म्हणून शेजारी थोडेच थांबतात? दुसऱ्याच दिवशी जिन्यात हेडसर भेटले. हेडसर म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले तरी त्यांच्या बोटातला खडू काही सुटला नव्हता. बोलताना ते हवेत अधोरेखित करायचे.

“मुलाखतीची वेळ कोणती?” त्यांनी विचारलं.

“जेवणाच्या सुट्टीच्या अगदी आधीची. शेवटची.”

“अरेरे,” हेडसर म्हणाले.

हेडसरांचं ‘अरेरे’ असं असे, की ऐकणाऱ्यानं आपली नाडी बघावी. “का हो?” काटेकाका म्हणाले.

“उपाशी माणूस कुणाला पास करत नाही. अर्धं आयुष्य पेपर तपासलेत मी. जेवणाआधी तपासलेल्या गठ्ठ्यात नापासच नापास. जेवून आलं की तेच अक्षर कसं मोत्यासारखं दिसतं. समिती झाली तरी तिला पोट आहे ना? लेकीची वेळ जेवणानंतरची असायला हवी होती. असो. नशीब एकेकाचं.”

आणि एवढं बोलून ते शांतपणे वर निघून गेले. पेटवून द्यायचं आणि आपण वर जाऊन निजायचं, हा उपदेश करणाऱ्यांचा जुनाच रिवाज आहे. काटेकाका मात्र जिन्यातच उभे राहिले. इतके दिवस विद्यापीठाच्या निवडीला कसलं माप लावावं हेच त्यांना कळत नव्हतं. आता पोट हे माप सापडलं होतं. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की वेळेची चौकशी करणं म्हणजे काही मध्ये पडणं नव्हे.

विद्यापीठात ‘चौकशी’ असं लिहिलेल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की चौकशी इथे होत नाही. ती जिथे होते त्या खिडकीतला कारकून म्हणाला, “वेळ बदलत नाही.”

“कुठल्या नियमानं?”

“बदलत नाही, या नियमानं.”

काटेकाकांनी त्याला आपलं ओळखपत्र दाखवलं. कारकुनानं स्वतःचं दाखवलं. दोघंही सरकारी निघाल्यावर जरा मोकळीक आली आणि कारकून म्हणाला, “आपसात अदलाबदल केली तर चालते. त्या वेळेच्या उमेदवाराचे पालक घेऊन या. दोघांनी इथे येऊन तोंडी सांगा, मी बदलून टाकतो.”

जेवणानंतरची पहिली वेळ कुणाची, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. ती त्यांच्याच इमारतीत, खाली औषधांचं दुकान चालवणाऱ्या औषधवाल्यांच्या मुलाची होती. काटेकाका संकोचत दुकानात गेले, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, मग आणखी घेतल्या, आणि शेवटी विषय काढला. औषधवाले चक्क काउंटरवरून बाहेर आले.

“बदलायची? आनंदानं! शेजारी शेजाऱ्याच्या नाही तर कुणाच्या उपयोगी पडणार?”

काटेकाकांना गहिवरून आलं. त्यांना काय ठाऊक, की औषधवाल्यांचंही एक शास्त्र होतं आणि ते असं: जेवलेला माणूस डुलक्या घेतो. डुलक्या घेणाऱ्या समितीला पोराची हुशारी काय दिसणार? समिती हवी ती उपाशी, टक्क जागी. म्हणजे दोघांनीही एकमेकांना गंडवलं होतं, दोघांनाही त्याची आतून थोडी लाज वाटत होती, आणि म्हणून दोघेही एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होते. “पोरांना मात्र सांगायचं नाही,” औषधवाले म्हणाले, “उगाच डोक्याला ताप.” अळीमिळी गुपचिळी ठरली. दोघांनी जाऊन कारकुनाला सांगितलं आणि काम झालं.

त्या दिवशी जेवताना लेकीचा फोन वाजला. “बाबा, माझी वेळ बदलली. सुट्टीनंतर यायला सांगितलंय. असं कसं?”

“विद्यापीठानं बदलली असेल,” काटेकाका ताटात बघून म्हणाले. “त्यांचं काय सांगता येतं?”

“तुम्ही काही केलं नाहीत ना?”

“मी? छे.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि जेवायला लागली. तिनं पुन्हा विचारलं असतं, डोळ्यांत डोळे घालून बघितलं असतं, तर परवडलं असतं. पण बाबा ‘छे’ म्हणाले म्हणजे विषय संपला, हे तिच्या लेखी इतकं पक्कं होतं की तिनं आणखी भाजी वाढून घेतली. काटेकाकांनी हातातला घास ताटात ठेवला. दुकानदारांची तोंडं खोटी वजनं सापडल्यावर कशी होतात हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. आपलंही आत्ता तसंच झालं असणार, असं वाटून ते हात धुवायला उठले.

हे इथे थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हेडसर पुन्हा जिन्यात भेटले. “जेवणानंतरची मिळाली? छान. आता जेवण नीट मिळालं म्हणजे झालं. तिथल्या उपाहारगृहात मी एकदा जेवलो होतो. नंतर आठवडाभर एकही मूल मला पास करण्यासारखं वाटलं नाही.”

झालं. म्हणजे जेवण झालं की भागत नव्हतं, ते चांगलंही असायला हवं होतं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी काटेकाकांनी वजनांची पेटी उचलली. विद्यापीठाचं उपाहारगृह त्यांच्याच हद्दीत येत होतं आणि त्याची तपासणी कधीची राहिली होती. मध्ये पडणं वेगळं आणि कामावर असणं वेगळं, असं ते वाटभर मनाशी म्हणत होते. एकच वाक्य माणसाला इतक्यांदा म्हणावं लागतं तेव्हा त्यात काहीतरी खोट असते, हे दुसऱ्याच्या बाबतीत त्यांना लगेच कळलं असतं.

उपाहारगृहात सगळं वजनावर विकत. ताटात हवं ते घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं, होतील तेवढे पैसे द्यायचे. मालक चांगला धिप्पाड माणूस, पण पेटीवरचं खात्याचं नाव वाचून तो एका क्षणात बारीक झाला. काटेकाका त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “वर मुलाखती चालू आहेत. समितीचं जेवण इथूनच जातं ना? गरम द्या. पोटभर द्या.” मग औषधवाल्यांच्या दुकानात नंतर एकदा डुलक्यांबद्दल काहीतरी कानावर आलेलं त्यांना आठवलं. “पण झोप येईल इतकं नको.”

मालकाला यातलं काहीच कळलं नाही. एवढं मात्र कळलं की साहेबाला काहीतरी हवंय. त्यानं एक ताट भरून पुढे केलं. ते काटेकाकांनी बाणेदारपणे नाकारलं, आणि आलोच आहोत तर रीत म्हणून आपलं पितळी वजन काट्यावर ठेवलं. रांगेतली पोरं-पोरी मान उंचावून बघत होती. काटा खोटा होता. चांगला ढळढळीत खोटा. काटेकाकांनी डोळे मिटले, वजन काढून पुन्हा ठेवलं, डोळे उघडले. काट्याच्या वागण्यात काही सुधारणा नव्हती.

“साहेब,” रांगेतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आम्ही इतके दिवस हवेचे पैसे देत होतो?”

उभ्या नोकरीत पहिल्यांदाच काटेकाकांना वाटलं, की आपल्याला जरा कमी दिसत असतं तर किती बरं झालं असतं. पण सगळी रांग बघत होती, आणि हाताला सवय होती. हातानं पेटी उघडली, सील काढलं आणि ठोकलंसुद्धा.

“ठीक आहे,” मालक म्हणाला. त्याची भीती संपली होती. आता तो रुसला होता. “काटा नाही तर विक्री नाही. विक्री नाही तर स्वयंपाक कशाला?” आणि त्यानं आत जाऊन शेगड्या बंद केल्या.

“अहो, पण समितीचं जेवण!”

“तेही तोलूनच जातं, साहेब. विद्यापीठाला बिल वजनावर लागतं.”

“आजच्या दिवस अंदाजानं द्या की.”

“अंदाजानं?” मालकानं आवाज असा चढवला की शेवटच्या टेबलापर्यंत गेला. “ऐका हो! वजनमापांचे साहेब म्हणतायत, अंदाजानं द्या!”

पोरं हसली. काटेकाकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते पेटी घेऊन बाहेर पडले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सुट्टीआधीची समिती निदान जेवणाच्या आशेवर तरी होती. सुट्टीनंतरच्या समितीला तीही उरणार नव्हती. आणि सुट्टीनंतर सगळ्यांत पहिली कोण? करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत बसायला वेळ नव्हता. ते फाटकाबाहेरच्या बेकरीकडे धावले. सँडविच घेतली, केक घेतला, समिती केवढी आहे ते माहीत नसल्यामुळे सगळंच दुप्पट घेतलं. बेकरीवालीनं ते मोठ्या खोक्यात भरलं आणि सवयीप्रमाणे वर गुलाबी फीत बांधली, तिचं छान फूल केलं. फीत सोडवायला त्यांचा दुसरा हात मोकळा नव्हता. जिन्यात मुलाखत देऊन उतरणारा औषधवाल्यांचा मुलगा भेटला. त्यानं काकांकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि काही न बोलता वाट दिली.

काटेकाकांचा बेत साधा होता. खोकं शिपायाच्या हातात द्यायचं आणि लेकीच्या नजरेस पडायच्या आत नाहीसं व्हायचं. पण वर सरळ लांब व्हरांडा होता, व्हरांड्यात बाकं होती, आणि पहिल्याच बाकावर इस्त्रीच्या कपड्यात लेक बसली होती. तिनं वडिलांना पाहिलं. एका हातात वजनांची पेटी, दुसऱ्या हातात गुलाबी फीत. ती हलली नाही, फक्त तिचा चेहरा पडला.

“उपाहारगृहाकडून,” काटेकाका शिपायाला पुटपुटले.

“उपाहारगृह?” शिपाई ठणठणीत आवाजाचा होता. “ते तर बंद पडलंय! कुण्या वजनवाल्यानं येऊन सील ठोकलं म्हणे!” मग त्याची नजर पेटीवरच्या मोठ्या अक्षरांवर गेली आणि तो गप्प झाला.

आवाज ऐकून दार उघडलं. समितीच्या अध्यक्षबाई बाहेर आल्या. वयस्कर, केस आखूड कापलेले, आणि चेहऱ्यावर जेवण न मिळाल्याचं स्पष्ट दिसत होतं. “हे काय आहे?”

“समितीसाठी... थोडं खायला,” काटेकाका म्हणाले.

“तुम्ही कुठल्या उमेदवाराचे वडील?”

काटेकाकांच्या डोक्यात एकच विचार आला: लेकीचं नाव घेतलं की संपलं. समितीला फीत बांधून खाऊ देणाऱ्या बापाची मुलगी कोण घेणार? ते म्हणाले, “कुणाचाच नाही. मी आपला वजनमापं तपासायला आलोय.”

हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बोलताना त्यांची नजर, नको म्हणत असतानाही, बाकाकडे गेली होती. लेक खाली फरशीकडे बघत होती. तिथे दगडच होता, पण या वेळी तो तिला दिसत नव्हता. मग ती उठली. कपडे नीट केले आणि म्हणाली, “ते माझे बाबा आहेत.”

अध्यक्षबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “हे परत न्या,” त्या काटेकाकांना म्हणाल्या, आणि लेकीला म्हणाल्या, “तुमचीच वेळ आहे ना? या आत.” दार लागलं.

काटेकाका खाली येऊन आवारात बसले. उपाहारगृहातून उपाशी परतणाऱ्या पोरांनी खोक्याकडे आशेनं पाहिलं तेव्हा त्यांनी ते नुसतं पुढे सरकवलं. पोरांनी फडशा पाडला आणि त्यांना धन्यवाद दिले. ते धन्यवादही त्यांना टोचले. लेक बाहेर आली, दोघं बसमध्ये चढली, ती पुढच्या बाकावर बसली आणि ते मागच्या. “कसं झालं गं?” त्यांनी तिच्या मानेला विचारलं.

“झालं.”

घरी बायकोला त्यांनी उपाहारगृह सांगितलं, खोकं सांगितलं. व्हरांड्यात आपण काय म्हणालो ते सांगितलं नाही. ते सांगायला तोंड नव्हतं. लेकीनंही सांगितलं नाही, आणि ती सांगत नाही याची त्यांना आणखीनच लाज वाटत राहिली. वेळेच्या अदलाबदलीचं खोटं तर त्याच्याही खाली दडपलेलं होतं. ते बाहेर आलं तर ही पोरगी आपल्या कुठल्याही शब्दावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, या भीतीनं ते औषधवाल्यांच्या दुकानासमोरून जातानासुद्धा रस्ता बदलू लागले.

आणि मग निकाल लागला. लेकीची निवड झाली होती. औषधवाल्यांच्या मुलाच्या बाबतीत विद्यापीठाला खेद वाटत होता.

आता कुणालाही वाटेल की संपलं, गोड झालं. छे! औषधवाल्यांच्या मुलानं जिन्यात पाहिलेलं खोकं आता त्याच्या तोंडून इमारतभर फिरलं. अदलाबदलीबद्दल औषधवाले अवाक्षर बोलले नाहीत, कारण त्यात त्यांचाही हात होता. पण खोक्याबद्दल गोळ्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी भरपूर सांगितलं. इतकी वर्षं जिन्यात भांडणारी सगळी शास्त्रं एका दिवसात संपली आणि एकच उरलं. खोकं! पुढच्या वर्षी ज्यांची मुलं बसणार होती ते आईबाप एकेक करून दार वाजवू लागले. “काका, बेकरी कुठली?” “केक अंड्याचा होता की बिनअंड्याचा?” “फीत गुलाबीच लागते का हो?”

“त्यांनी ते खाल्लं नाही,” काटेकाका जीव तोडून सांगायचे.

“समजलं, समजलं,” लोक डोळा मिचकावून म्हणायचे. “असंच सांगायचं असतं.”

लेकीनं खाली जाणं सोडलं. प्रवेश मिळाल्यावर उड्या मारायच्या, तर ती कठड्यावरचे दगड पुसत बसायची. एकदा तिनं विचारलं, अगदी हळू, चिडून नव्हे, “बाबा, मला मिळाला, की खोक्याला मिळाला? मला कधीच कळणार नाही, नाही का?”

काटेकाका दुसऱ्या दिवशी रजा टाकून विद्यापीठात गेले. तोच कारकून. “निवडीचं कारण हवंय,” ते म्हणाले.

“नकाराचं कारण देत नाही.”

“नकार नाही हो. निवड झालीय!”

“निवडीचंही देत नाही.” कारकुनानं त्यांना नीट न्याहाळलं. “निवड का झाली अशी तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.”

तेवढ्यात इमारतीनं लेकीचा सत्कार ठरवला. नको म्हणायची सोय नव्हती. हेडसर अध्यक्ष झाले होते. खालच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या, लेकीला फुलांचा गुच्छ दिला, आणि हेडसर हवेत अधोरेखित करत म्हणाले, “आता तिचे वडील इतर पालकांना मार्गदर्शनपर दोन शब्द सांगतील.” पुढच्या रांगेतल्या एका आईनं पर्समधून पेन काढलं.

काटेकाकांनी मेहनतीवर बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी सुरुवातही केली. “माझ्या मुलीनं फार कष्ट...” पण समोर जिकडेतिकडे ते मिचकावणारे डोळे होते. कुणी ऐकतच नव्हतं. सगळे केकची वाट बघत होते. कोपऱ्यात लेक गुच्छ मांडीवर आडवा ठेवून बसली होती, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. काटेकाका थांबले. “समितीनं खोकं परत पाठवलं,” ते म्हणाले. “आणि परत पाठवायच्या आधी विचारलं, तुम्ही कुणाचे वडील? मी म्हणालो, कुणाचाच नाही.”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, ते थांबलं.

“ही समोर बसली होती. हिच्यासमोर म्हणालो. आणि ही उठली आणि म्हणाली, ते माझे बाबा आहेत. मी भ्यालो आणि ही नाही भ्याली. असल्या बापाची मुलगी असूनसुद्धा तिला घेतलंय त्यांनी. एवढंच मार्गदर्शन आहे.” आणि ते मटकन खाली बसले. बायको त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग औषधवाले हळूच म्हणाले, “म्हणजे बापानं नाही म्हणायचं, आणि मुलीनं हो म्हणायचं. समितीवर छापच पडणार!”

“उत्तम डाव,” हेडसर म्हणाले. पुढच्या रांगेतल्या आईनं ते उतरवून घेतलं.

लेक उठून बाहेर गेली. काटेकाका मागोमाग गेले. ती जिन्यात उभी होती.

“हे सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती, बाबा?”

“तुझं तुला मिळावं म्हणून.”

“मिळालं?” आतून औषधवाल्यांचा समजावून सांगण्याचा आवाज येत होता. ती पायरीवर बसली. “त्या दिवशी आत गेल्यावर अध्यक्षबाईंनी आधी ओळखायला दगड नाही दिला. त्यांनी विचारलं, तुमचे वडील नेहमी असं खोटं बोलतात का? मी म्हटलं, नाही. जन्मात पहिल्यांदाच. म्हणून तर इतकं वाईट जमलं.”

काटेकाका तिच्या शेजारी बसले. इतक्या लोकांसमोर सगळं सांगून टाकल्यावर मघाशी जरा हलकं वाटलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं. ही पोरगी समितीसमोर आपल्यासाठी शब्द टाकून आली, आणि तो शब्दही खोटा पडला होता, आपल्यामुळे. त्यांनी तिच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

“पहिल्यांदा नाही, बाळा.”

“म्हणजे?”

“तुझी वेळ विद्यापीठानं नव्हती बदलली. मी बदलून घेतली. तू विचारलंस तेव्हा छे म्हणालो.”

काटेकाकांनी सगळं सांगितलं. हेडसरांचं पोट, औषधवाल्यांच्या डुलक्या, कारकून, खोकल्याच्या गोळ्या. संपलं तेव्हा त्यांना तिच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना.

“थांबा,” ती म्हणाली. “म्हणजे मी मुळात सुट्टीच्या आधी जाणार होते?”

“हो.”

“तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, की जेवण मिळणार नाही.”

“नव्हतं.”

“तुम्ही माझी वेळ पुढे ढकललीत. मग त्यांचं जेवण बंद पाडलंत. मग त्यांच्या दारात लाच घेऊन आलात. मग खोटं बोललात, आणि त्यातही पकडले गेलात.”

“हो,” काटेकाका म्हणाले. त्यांना जिन्याखाली शिरावंसं वाटत होतं.

“आणि या सगळ्यानंतर, उपाशी, चिडलेले, ते माझ्यासमोर बसले.” ती बोलता बोलता उभी राहिली. तिचे डोळे मोठे झाले होते. “बाबा! म्हणजे तुम्ही एवढं सगळं करूनसुद्धा मला मिळाला!”

आणि ती हसायला लागली. निकाल लागल्यापासून ती हसली नव्हती. ते सगळं साठलेलं हसू आता बाहेर पडत होतं. कठड्याला धरून, पोट दाबून, ती हसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, “एवढं करूनसुद्धा!” आतले लोक दारात येऊन बघू लागले. काटेकाका शरमेनं मान खाली घालून पायरीवर बसून राहिले, आणि ती हसायची थांबू नये म्हणून एक शब्दही बोलले नाहीत.